वर्षाचं पोस्टपेड मधातच सोडलं: नंबर तोच, कंपनी बदलली

प्रकरण माझ्या मोठ्या चुलतभावाचं आहे. यवतमाळ जिल्ह्याच्या घाटंजी तालुक्यात पारवा रोडपासून आत, टिपेश्वरच्या जंगलाकडे सरकत गेलेलं गाव, घरची बारा एकर, कापूस-तूर आणि थोडं सोयाबीन. माझं तालुक्याला ऑनलाईन फॉर्म आणि झेरॉक्सचं दुकान आहे, त्यामुळे मोबाईल नंबरवरून लोकांचं काय काय अडते हे मी रोजच पाहतो, आणि म्हणूनच हे प्रकरण पहिल्यापासून शेवटपर्यंत लिहून ठेवतोय. अशा अडचणीत असलेले लय लोक आहेत आणि त्यातले बरेचसे निव्वळ तोंडी धमकीला घाबरून पैसे भरत राहतात.

2025 च्या फेब्रुवारीत भावानं बाजाराच्या दिवशी छत्री लावून बसलेल्या एका पोराकडून पोस्टपेड फॅमिली प्लॅन घेतला. जुना नंबर पोर्ट करून (म्हणजे नंबर तोच ठेवून दुसऱ्या कंपनीतून) आणला, त्याच्यासोबत वहिनीचा आणि अमरावतीला शिकणाऱ्या पोराचा नंबर, तिन्ही मिळून महिन्याला 699, पण वर्षभर राहणार असाल तर दरमहा 150 सूट म्हणजे 549, वरून 18 टक्के जीएसटी. थोडं डिपॉझिट घेतलं. सगळं आधार आणि फोटोवर टॅबलेटमधे झालं, कागद म्हणून हातात काहीच नाही. पोरानं जाताना एवढंच सांगतलं, "काका, वर्षभर हलता येत नाही, मधात सोडलं तर राहिलेल्या सगळ्या महिन्यांचं बिल भरा लागते."

दोन-तीन महिने बरं चाललं. मे महिन्यात वादळवारं झालं, लाईन दोन दिवस गेली, आणि तिथून जे बिघडलं ते बिघडलंच. गावाला स्वतःचा टॉवर नाही, सिग्नल शेजारच्या गावातून येतो. टॉवर चालतो लाईनवर, लाईन गेली की बॅटरीवर, आणि बॅटरी म्हातारी झाली असेल तर घंटा-दीड घंट्यात टॉवर झोपतो, डिझेल टाकायला कोणी येईल तेव्हा येईल. आमच्याकडे पावसाळ्यात लाईन किती वेळा जाते हे विदर्भातल्या माणसाला सांगायची गरज नाही. पण लाईन असतानाही घरात फोन लागेना, ओसरीत एक कांडी, माजघरात शून्य. फोनवर 4जी लिहून येते, कॉल लावला की कट. वहिनीनं तर सांगूनच टाकलं, "मले माहेरून फोन आला का मी आंगणातल्या निंबाखाली जाऊन बोलतो, घरात ऐकूच येत नाई."

आता इथं कोणीही म्हणेल, आणि गावात सगळ्यांनी म्हटलंच, "काऊन डोक्शाले ताप करून रायला भाऊ, नवीन सीम घे ना!" नवीन सीम मिळते, त्याचं काही नाही. पण नंबर सोडणं ही शेतकऱ्यासाठी साधी गोष्ट राहिली नाही. भावाच्या त्या एका नंबरवर आधार आहे, बँक आहे, पीएम किसानची केवायसी आहे, शेतकरी ओळख क्रमांक त्याच्यावर काढलेला, महाडीबीटीचा अर्ज त्याच्यावर. वरून त्या वर्षी सीसीआयनं (म्हणजे सरकारच्या कापूस महामंडळानं) कापसाची हमीभावाची नोंदणी कपास किसान ॲपवर आणली, सप्टेंबरपासून नोंदणी, मग स्लॉट बुकिंग, आणि सगळं ओटीपीवर. 2025-26 चा हमीभाव लांब धाग्याला 8110 आणि मध्यम धाग्याला 7710 होता, आणि बाहेर व्यापारी त्याच्यापेक्षा कमीच देणार हे सगळ्यांना दिसत होतं. ओटीपी दहा मिनिटं उशिरा आला की गेला. म्हणजे भावाला पाहिजे होतं ते असं: नंबर हाच राहिला पाहिजे, कंपनी गेली पाहिजे, आणि तेही सप्टेंबरच्या आधी.

तो माझ्याकडे आला तेव्हा डोक्यात एकच आकडा घेऊन आला होता, साडेचार हजार. बाजारातल्या पोराला फोन केला होता त्यानं, पोरानं हिशोब करून दिला, सात महिने राहिले, 549 गुणिले सात आणि जीएसटी. भाऊ म्हणे, "एवढे पैसे भरून सोडण्यापेक्षा सात महिने असेच काढतो, काय करता." मी म्हटलं थांब, आधी तू सही कशावर केली ते पाहू.

लोक नेमके इथंच अडकतात म्हणून जरा सविस्तर सांगतो. टॅबलेटवर फॉर्म भरला तरी त्याची प्रत असते, ती ईमेलवर येते किंवा कंपनीच्या ॲपमधे सापडते, नाहीतर कस्टमर केअरला मागायची, मागितली की देतात. भावाचा ईमेल म्हणजे अमरावतीच्या त्याच्या पोराचा ईमेल, त्यात फेब्रुवारीपासून पडून होती. त्यात "वर्षभर हलता येत नाही" असं कुठंही नव्हतं. राहिलेल्या महिन्यांचं बिल भरा असंही नव्हतं. होतं ते एवढंच की 150 ची सूट बारा महिने राहण्याच्या अटीवर आहे, आधी सोडलं तर तोपर्यंत दिलेली सूट शेवटच्या बिलात परत लावली जाईल. पाच महिन्यांची सूट 750, जीएसटी धरून 885. साडेचार हजाराचे झाले 885, फक्त कागद उघडून वाचल्यानं.

नंबर पोर्ट करायच्या नियमातही हेच आहे. भारतात नंबर पोर्टिंग 25 नोव्हेंबर 2010 ला हरियाणात सुरू झालं आणि 20 जानेवारी 2011 ला देशभर. त्या नियमात कंपनीला पोर्टिंग अडवायची कारणं मोजून दिलेली आहेत: सध्याच्या कंपनीत 90 दिवस झाले नसतील, आधीच्या बिलाची थकबाकी असेल, नंबर दुसऱ्याच्या नावावर करायचा अर्ज चालू असेल, कोर्टात वाद असेल किंवा कोर्टानं मनाई केली असेल, कंपनीच्या नावावरचा कॉर्पोरेट नंबर असून परवानगीचं पत्र नसेल, आणि करारात बाहेर पडायची अट लिहिलेली असून ती पूर्ण केली नसेल. शेवटचं कारण नीट वाचा. अट लिहिलेली पाहिजे. छत्रीखालच्या पोरानं तोंडानं सांगितलेली गोष्ट यात कुठंच बसत नाही. आणि लिहिलेली अट पूर्ण केली, म्हणजे आमच्या केसमधे सुटीचे पैसे भरले, की कंपनीला अडवता येत नाही. भावाचे 90 दिवस मे मधेच होऊन गेले होते.

म्हणजे 885 भरून त्याच दिवशी निघता आलं असतं. पण भावाचं म्हणणं, आणि ते मला पटलं, की सेवा त्यांनी दिली नाही मग दंड मी कशाचा भरू. म्हणून आम्ही तक्रारीचा रस्ता धरला.

तक्रार करायची तर ती तक्रार म्हणून नोंदली गेली पाहिजे. नुसता कस्टमर केअरला फोन लावून बोललं की ते "रिक्वेस्ट" म्हणून टाकतात आणि दोन दिवसात बंद करतात. 198 हा तक्रारीचा नंबर आहे, फुकट आहे, तिथं स्पष्ट म्हणायचं की माझी तक्रार नोंदवा आणि डॉकेट नंबर (म्हणजे तक्रारीचा क्रमांक) द्या. डॉकेट नंबर एसएमएसनं येतो, तो डिलीट करायचा नाही. त्याच्याशिवाय पुढची कोणतीच पायरी चढता येत नाही.

तक्रारीसोबत पुरावा पाहिजे म्हणून भावाला एक वही करायला सांगितली. तारीख, वेळ, जागा (घर, शेत, पार), लाईन होती का नव्हती, कॉल लागला का नाही. लाईनचा रकाना मुद्दाम ठेवला, कारण कंपनी पहिलं तेच म्हणते की लाईन नव्हती म्हणून टॉवर बंद होता. आणि फोनच्या सेटिंगमधे सीम स्टेटसमधे सिग्नलचा खरा आकडा दिसतो, त्याचे स्क्रीनशॉट काढले. कांड्यांवर विश्वास ठेवू नका, प्रत्येक फोनवाला कांड्या आपल्या मनानं दाखवतो. आकडा उणे असतो: उणे 90 च्या आसपास असेल तर मस्त, उणे 110 च्या खाली गेला की रडारड सुरू, उणे 120 म्हणजे नसल्यासारखाच. भावाच्या माजघरात उणे 118 ते 121 येत होता, लाईन चालू असताना, भर दुपारी. ट्राय म्हणजे टेलिकॉम कंपन्यांना नियम लावणारं सरकारी प्राधिकरण, त्याचं मायस्पीड ॲप आहे, त्याच्या टेस्टही काढून ठेवल्या.

तक्रार नोंदवली जूनच्या शेवटी. एक माणूस आला, ग्रामपंचायतीसमोर रोडवर उभा राहिला, तिथं दोन कांड्या होत्या, फोटो काढला आणि गेला. संध्याकाळी मेसेज, "आपल्या भागातील नेटवर्क समाधानकारक आढळले, तक्रार बंद." घरात या म्हटलं तर आला नाही. बहुतेक लोक इथंच थांबतात, आणि थांबण्यासारखी जागा ही नव्हे.

कारण याच्या वर अपील आहे. 2012 च्या ट्रायच्या तक्रार निवारण नियमांनुसार प्रत्येक कंपनीला स्वतःचं अपील प्राधिकरण ठेवावंच लागते. तक्रारीचं समाधान झालं नाही तर 30 दिवसांच्या आत अपील करायचं, त्याला एक पैसा लागत नाही, आणि 39 दिवसांच्या आत निकाल द्यावा लागतो. निकालाआधी दोन जणांच्या सल्लागार समितीचं मत घेतलं जाते, त्यातला एक ग्राहक संघटनेचा असतो. प्राधिकरण कंपनीचंच असलं तरी कस्टमर केअरच्या पोरीसारखं "सॉरी सर" म्हणून फोन ठेवता येत नाही, लेखी उत्तर द्यावं लागते, आणि लेखी उत्तर आलं की आपल्या हातात कागद येतो. ट्रायला थेट अर्ज पाठवणारे लय भेटतात मला दुकानात, पण ट्राय एकेकट्या ग्राहकाची तक्रार स्वतः सोडवत नाही, तो अर्ज कंपनीकडेच फिरून येतो आणि आपला महिना जातो.

अपील आम्ही दीड पानाचं केलं. भाषा साधी ठेवली, शिव्याशाप नाही. डॉकेट नंबर, वहीच्या पानांचे फोटो, घरातल्या आकड्यांचे स्क्रीनशॉट, आणि मागणी तीन ओळीत: एक, नेटवर्क सुधारा नाहीतर जाऊ द्या, दोन, जाताना सुटीचे पैसे परत लावू नका, तीन, मे पासूनच्या भाड्यात कपात द्या. खाली एक वाक्य टाकलं की समाधान न झाल्यास जिल्हा ग्राहक आयोग, यवतमाळ इथं दाद मागू. हे वाक्य नुसतं भीती दाखवायला नव्हतं. आधी टेलिकॉमच्या केसेस ग्राहक मंचात चालत नाहीत असं 2009 च्या एका निकालावरून कंपन्या म्हणत, पण 16 फेब्रुवारी 2022 ला सुप्रीम कोर्टानं अजयकुमार अग्रवाल यांच्या प्रकरणात स्पष्ट सांगितलं की चालतात. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेच्या व्याख्येत टेलिकॉम नावानिशी आहे, केस आपण राहतो त्या जिल्ह्यात टाकता येते, आणि पाच लाखापर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. पुणे-मुंबईला जायची गरज नाही, वकील केलाच पाहिजे असंही नाही. हे शेतकऱ्याला माहीत नसते, कंपनीला चांगलं माहीत असते.

निकाल आला पोळ्याच्या आठवड्यात. सुटीची वसुली माफ, म्हणजे ते पैसे वाचले. भाड्यात कपात मात्र नाकारली. त्यांचं उत्तर असं की 2024 च्या सेवा दर्जाच्या नियमात 24 तासांपेक्षा जास्त सेवा बंद राहिली तर पोस्टपेडवाल्याला भाड्यात सूट आणि प्रीपेडवाल्याला वाढीव दिवस द्यायचे आहेत, पण ते जिल्ह्याच्या पातळीवर मोठी बंदी झाली तर, एका गावासाठी नाही. नियम तसाच आहे, खोटं ते बोलले नाहीत. पण मला हे मनापासून चुकीचं वाटते. यवतमाळ शहरात टॉवर चालू आहेत म्हणून पारव्याकडच्या गावातली चार दिवसांची बंदी हिशोबातच धरायची नाही, तर मग गावचा ग्राहक पैसे कोणत्या गोष्टीचे भरतो? नियम बदलायचा तर गाव किंवा निदान टॉवर हे माप धरलं पाहिजे, कोणता टॉवर किती तास बंद होता याची नोंद कंपनीकडे असतेच.

आता जायचं कुठं हा प्रश्न, आणि माझ्या मते पोर्टिंगमधे माणूस सगळ्यात जास्त फसतो तो इथं. एकाच टॉवरवर दोन-दोन, तीन-तीन कंपन्यांची यंत्रं टांगलेली असतात. लाईन एक, बॅटरी एक. टॉवर झोपला की सगळ्याच कंपन्या झोपतात. म्हणजे तुम्ही कंपनी बदलली आणि नव्या कंपनीचं यंत्रही त्याच टॉवरवर असलं तर लाईन गेल्यावर हाल तेच. दूरसंचार खात्याचं तरंग संचार पोर्टल आहे, त्यावर आपल्या आसपासचे टॉवर नकाशावर दिसतात. ऑक्टोबर 2024 पासून कंपन्यांनाही कुठं 2जी, 4जी, 5जी पोचते याचे नकाशे वेबसाईटवर टाकावे लागतात. नकाशा पाहायचा, पण नकाशावर घराच्या आतलं दिसत नाही, म्हणून खरी परीक्षा वेगळीच. भावानं शेजाऱ्याचं सीम मागून आणलं, आपल्याच फोनमधे टाकलं, एक दिवस घरात आणि एक दिवस शेतात. एका कंपनीचं उणे 119, जुन्यासारखंच, कारण टॉवर तोच. दुसरीचं उणे 101, दुसऱ्या बाजूच्या टॉवरवरून येत होतं आणि कमी फ्रिक्वेन्सीच्या बँडवर. 700, 800, 900 मेगाहर्ट्झचा सिग्नल लांब जातो आणि भिंतीतून बरा शिरतो, 2300 चा नाही. आमच्याकडची जुनी घरं मातीच्या जाड भिंतीची, तिथं हा फरक लगेच कळते. हे करून पाहिलं नाही आणि घाईत चुकीच्या कंपनीत गेलं तर पुन्हा 90 दिवस तिथंच अडकून राहा लागते.

निघायच्या आधी तिन्ही नंबरचा गुंता सोडवावा लागला. संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती नंबर आहेत ते दिसते, तिथं पाहिलं तर पोराचा नंबरही भावाच्याच नावावर, बाजारातल्या पोरानं एकाच आधारवर तिन्ही घेतले होते. पोराच्या नावावर करायला गेलो असतो तर ते होईपर्यंत पोर्टिंग अडलं असतं. अमरावतीला त्याला त्याच कंपनीची रेंज चांगली होती, म्हणून त्याचा नंबर तिथंच प्रीपेड करून घेतला, नावाचं नंतर पाहू म्हटलं. वहिनीचा साधा बटनाचा फोन, तिला नेट लागतच नाही, आणि 2025 च्या जानेवारीपासून नुसत्या बोलण्याचे प्लॅन कंपन्यांना ठेवावे लागतात, तोच तिच्यासाठी पाहून ठेवला. उगाच रोजच्या दीड जीबीचे पैसे कायले द्यायचे.

मग ऑगस्टचं बिल पूर्ण भरलं, पावती सेव्ह केली, ॲपमधे थकबाकी शून्य दिसेपर्यंत थांबलो आणि मगच मेसेज केला. PORT ऐवजी दुसरं काही लिहू नका, इंग्रजीत पोर्ट, मधे जागा सोडून आपला दहा आकडी नंबर, आणि 1900 ला पाठवायचा. मेसेज ज्या नंबरचा त्याच नंबरवरून गेला पाहिजे, आणि घरात रेंज नाही, म्हणून भाऊ नाल्याच्या पुलावर गेला, तिथं सिग्नल येतो. आठ अक्षरांचा कोड लगेच आला. तो चार दिवस चालतो, तेवढ्यात नव्या कंपनीच्या दुकानात जाऊन आधार, फोटो आणि कोड द्यायचा. आपल्याच सर्कलमधे (आपलं सगळं विदर्भ महाराष्ट्र-गोवा सर्कलमधे येते) कामाचे तीन दिवस लागतात. मन बदललं तर 24 तासांच्या आत रद्दही करता येते. आणि एक, सीम हरवून किंवा खराब होऊन नुकतंच बदललं असेल तर सात दिवस कोड मिळत नाही, हा नियम जुलै 2024 पासून आहे, त्यामुळे पोर्टच्या तोंडावर सीम बदलायला जाऊ नका.

भावाचा नंबर बदलला तो रात्री, जुनं सीम बंद पडलं, काही तास दोन्ही मुके, आणि सकाळी नवीन चालू. त्या रात्रीत ओटीपीचं काम ठेवायचं नाही एवढं ध्यानात ठेवलं होतं. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात कपास किसानची नोंदणी त्यानं ओसरीत बसून केली, ओटीपी पहिल्याच झटक्यात आला.

जुन्या कंपनीचं एक शेवटचं बिल पोर्टनंतर आलं, चार-पाच दिवसांच्या भाड्याचं. पुष्कळ लोक म्हणतात आता सोडली ना कंपनी, कायले भरायचं. तसं करू नका. पोर्टनंतरचं बिल थकलं तर जुनी कंपनी नव्या कंपनीला कळवू शकते आणि चालू नंबर बंद पडू शकतो, म्हणजे ज्या नंबरसाठी एवढं केलं तोच जाईल. भावानं ते बिल भरलं, पण भरण्याआधी ओळ न ओळ पाहिली, कारण माफ केलेले सुटीचे पैसे त्यात परत लावलेले होते. अपीलच्या निकालाची प्रत जोडून पुन्हा 198 ला तक्रार, डॉकेट नंबर, आणि ती रक्कम वजा होऊन नवं बिल आलं. निकालाचा कागद नसता तर तिथं आम्हाला बोलायला तोंड नव्हतं.

डिपॉझिट दिवाळीनंतर बँकेत जमा झालं, तेही दोनदा आठवण द्यावी लागल्यावर. वहिनीचा नंबर भावाच्या मागोमाग नव्या कंपनीत आला. पोराचा अजून बापाच्याच नावावर आहे, उन्हाळ्याच्या सुट्टीत तो घरी आला की दोघांना दुकानात नेऊन ते करायचं आहे.